कुकाऱ्याची कॅसेट

राक्षस फार उशिरा येतो, हे पहिलं मत शेजारच्या हॉटेलवाल्याचं. त्याने कॅसेटची पहिली बाजू काउंटरवरच्या टेपवर लावली होती आणि भजी तळता तळता ऐकली होती.

"अख्खा घाना तळून झाला गा, तुया राक्षस अजून निघूनच नाई राह्यला," तो म्हणाला. "तोवर गिऱ्हाईक उठून जाते."

तेव्हा मी पोंभुर्ण्याच्या बाजाररस्त्यावर अब्बांच्या दुकानात बसायचो. अब्बा रेडिओ, टॉर्च, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. मी कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जंगलातल्या गावांत वीज कधी असायची, कधी नसायची. पण सेलवर चालणारा टेप प्रत्येक टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, एखाद्या घरी तरी सापडायचा. लोक त्यावर नाटकांच्या कॅसेटी ऐकायचे, कीर्तनं ऐकायचे. मला वाटलं, आपण एक गोष्ट ऐकवावी. भीतीची, आपल्याच जंगलातली. मी ती लिहिली, दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गोदड्या टांगून स्वतःच्या आवाजात वाचली, आणि दोन कॅसेटींच्या चार बाजूंवर भरली. राक्षसाचं नाव ठेवलं कुकाऱ्या.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. मोहफुलं, चारोळी, तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं जंगलात पांगतात. झाडीत दिसत कोणी नाही. मग तोंडाशी हात धरून "कूऽऽ" असा लांब आवाज द्यायचा, तो कुकारा. ज्याच्या कानावर तो पडेल त्याने उलट कुकारा द्यायचा, म्हणजे ओ द्यायची. मी इथं आहे, तू कुठं आहेस, एवढाच त्याचा अर्थ. दोन घरांचं बोलणं बंद असलं तरी जंगलात ओ चुकवत नाहीत. माझा राक्षस हा कुकारा शिकलेला होता. ओळखीच्या माणसाच्या आवाजात तो हाक द्यायचा, आणि जो ओ देईल त्याच्याकडे यायचा.

ही कल्पना सुचली तेव्हा माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग होतं. ते तसंच टेकलेलं राहिलं आणि कोणाच्या तरी रेडिओची पट्टी जळाली. अब्बा ओरडले. मला ऐकूच आलं नाही, इतका मी खूश होतो.

कॅसेट चालली. मूल गावापर्यंत गेली, नागभीडच्या स्टेशनबाहेरच्या टपरीवर दिसली, कोणी म्हणालं हेमलकशाकडे जाणाऱ्या एका ट्रकमध्ये ऐकली. आणि मतं येऊ लागली. मी दुकानात बसून ती ऐकायचो आणि चेहरा मख्ख ठेवायचो, पण आत एकेक शब्द लागायचा.

शाळेतल्या गुरुजींनी कॅसेट परत आणून काउंटरवर ठेवली. "तुझे गावकरी झाडीबोली बोलतात, ते ठीक. पण राक्षस एकदम शुद्ध बोलतो. पुण्याहून बदली होऊन आला का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

काळीपिवळी जीप चालवणारा माझा दोस्त मात्र बेहद्द खूश होता. तो ती रोज लावायचा. "लोक चुपचाप बसते ना गा. भाड्यावरून कटकट नाई, जागेवरून भांडण नाई. एक बाई तं आपलं गाव सोडून पुढच्या गावाले उतरली."

"तिसरी बाजू कशी वाटली?" मी विचारलं.

"तिसरी? तिसऱ्या बाजूले मी गाणे लावतो. तिथी तू लय बातम्या वाचून राह्यला."

बायकांचं म्हणणं वेगळं होतं. तो मेला बायाच काऊन धरते, गड्यांचं मास कडू असते का, असं एकीने तोंडावर विचारलं. जंगलातल्या गावचा एक म्हातारा चारोळीचं गाठोडं खांद्यावर तसंच ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या जंगलात असं काई नाई, बाबू. वाघ हाये, अस्वल हाये, साप हाये. तुले तेवढे पुरले नाई का?" अब्बांना साहित्यात रस नव्हता. "सेल बहोत खाता है तेरा किस्सा," एवढंच त्यांनी म्हटलं.

पण एका गोष्टीबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. गुरुजी, जीपवाला, हॉटेलवाला, तोंडाळ बाई, तो म्हाताराही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी कुकाऱ्या पहिल्यांदा हाक देतो. वारा नाही, पाखरू नाही, आणि एकदम लांबून तो आवाज येतो. शेवटी किंचित वर चढतो आणि तिथंच तुटतो. ते ऐकून अंगावर काटा येतो, असं प्रत्येक जण सांगायचा. बाकी गोष्टीला नावं ठेवणारेही तेवढं मागे घेऊन पुन्हा लावायचे.

"तो आवाज कसा काढला बे तू?" जीपवाला विचारायचा. "काढून दाखव ना एकदा."

"सरावाचं काम आहे," मी म्हणायचो. "असा कधीही निघत नाही."

कॅसेटच्या कागदावर मी छापून घेतलं होतं: लेखन, निवेदन आणि सर्व आवाज. त्याखाली माझं नाव.

तो आवाज माझा नव्हता. मला कुकारा देताच येत नाही. बाजारगावात वाढलेल्या माणसाला कशाला येईल? मी खूप करून पाहिला. माझा कुकारा म्हणजे कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा यायचा.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानाच्या पायरीवर जंगलातल्या गावची एक बाई बसायची. मोहफुलं, डिंक, चारोळी, सिंदीच्या झाडण्या घेऊन यायची. पायरीवर सकाळपासून सावली असते म्हणून अब्बांनी तिला ती जागा दिली होती. मी तिला मावशी म्हणायचो. तोंडाने फटकळ होती. गिऱ्हाइकाने भाव पाडला की म्हणायची, "फुकटात पायजे तं जा ना जंगलात, अस्वल वाटून राह्यलं." कधीकधी तिची मुलगी बरोबर असायची. सोळा-सतराची असेल. आईच्या मागे बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे टकमक बघायची आणि हसू आलं की पदर तोंडात धरायची.

एका बाजारच्या दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी मावशीला मागच्या खोलीत बोलावलं आणि कुकारा द्यायला सांगितला. तिने माईककडे पाहिलं, टांगलेल्या गोदड्यांकडे पाहिलं.

"कोणाले देऊ?"

"कोणालाच नाही. नुसता द्यायचा."

"नुसता कसा? ओ देणारं कोणी नाई आन् कुकारा द्यायचा? रिकामा कुकारा चांगला नाई, बाबू."

मी गयावया केली. तिच्या टॉर्चचं बटण फुकट बदलून देतो म्हणालो. शेवटी तिने तोड काढली. "मी आपल्या पोरीले बोलावतो. ते बाहेर पायरीवर हाये, तिले ऐकू नाई जाणार. मंग तू ओ दे. पण दे बरं. नाई तं मी नाई देत."

मी कबूल झालो. तिने डोळे मिटले, उजवा हात तोंडाशी नेला आणि कुकारा दिला. त्या गोदड्यांच्या खोलीत जंगल उभं राहिलं. प्रत्येक घराच्या कुकाऱ्याला शेवटी आपलं आपलं वळण असतं; हे वळण तिच्या घरचं होतं, लेकीला बोलवायचं. मी माझी फाटकी ओ दिली. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी म्हटलं, "मावशी, हे कोणाला सांगू नको." तिने कारण विचारलं नाही.

मग दोन डेक जोडून मी तो कुकारा मूळ कॅसेटवर घेतला आणि त्यानंतरची माझी ओ कापली. ओ ऐकली असती तर भीती वाटली नसती.

पुढे काय होऊ लागलं ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं आता म्हणणार नाही. जीपवाला सांगायचा की टोल्यावरची पोट्टी हल्ली जंगलात ओ देत नाहीत, कुकाऱ्या कुकाऱ्या म्हणून पळतात. मोठी माणसं त्यांना रागवायची. मग मोठ्यांपैकीही काही जण, विशेषतः नव्याने लग्न होऊन आलेल्या बायका, पहिल्या हाकेला गप्प राहू लागल्या. "तुया क्यासेटनं कमाल केली बाप्पा," तो म्हणायचा, आणि मी मख्ख चेहऱ्याने खूश व्हायचो. लेखक म्हणून मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद होती.

पुढच्या वर्षीच्या मोहाच्या हंगामात मावशी मेली.

मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात. ज्याचं झाड त्यानेच वेचायचं. तिच्या घराची दोन झाडं होती: एक टोल्याजवळ इतर बायकांच्या झाडांच्या घोळक्यात, दुसरं लांब नाल्याच्या पलीकडे. जवळचं लेकीला देऊन ती लांबच्या झाडाकडे जायची. फुलं पहाटे गळतात, म्हणून उजाडता उजाडता सगळ्या बाया जंगलात असतात. अस्वलालाही मोहफुलं आवडतात, हे त्या सगळ्यांना ठाऊक असतं. नाल्यापलीकडे पिल्लंवाली अस्वलीण होती. तिने मावशीची मांडी आणि पोट फाडलं आणि ती निघून गेली. मावशी लगेच मेली नाही. ती बराच वेळ कुकारे देत राहिली. नाल्याच्या अलीकडे वेचणाऱ्या बायांना ते ऐकू आले. कोणी ओ दिली नाही. ऊन चढल्यावरही ती परतली नाही तेव्हा गडीमाणसं शोधायला गेली. हात तोंडाशीच होता म्हणतात. ते खरं की लोकांनी नंतर जोडलं, मला माहीत नाही.

हे मला जीपवाल्याने सांगितलं, आमच्याच पायरीवर उभं राहून. "बाया म्हणते, आमाले वाटलं कुकाऱ्याच हाये. अगदी क्यासेटवानी आवाज होता म्हणते. सेम टू सेम."

तो आवाज कॅसेटसारखा का होता हे त्या पायरीवर फक्त मला माहीत होतं. मला आणि अब्बांना. मावशी मागच्या खोलीत गेली तेव्हा अब्बा दुकानात होते; गोदड्यांतूनही त्यांना ऐकू गेलं असणार. ते हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. जीपवाला गेल्यावर म्हणाले, "मय्यत में जा."

मी गेलो नाही.

मी दुसरंच काम केलं. कॅसेटी परत गोळा केल्या. त्यात गडबड आहे, टेप खराब निघाली, बदल्यात गाण्यांची नवीन देतो, असं सांगत फिरलो. लोकांना वाटलं, माणूस पस्तावला. भीती पसरली म्हणून परत घेतोय. दोघातिघांनी पाठ थोपटली. मीही स्वतःला तसंच समजावलं. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. तिच्या घरचं कोणी तो आवाज ऐकेल आणि ओळखेल. प्रत्येक कॅसेट मी डेकमध्ये घातली आणि तिच्यावर लग्नाची गाणी भरली. पुसताना आवाज बंद ठेवायचो. मूळ कॅसेटही पुसली.

पायरी मोकळी राहिली. पुढच्या बाजाराला एका बांगडीवाल्याने विचारलं, इथं बसू का. अब्बांनी नाही म्हटलं.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग मोबाइलचे रिचार्ज. अब्बा वारले. जाईपर्यंत त्यांनी त्या विषयावर पुन्हा एक शब्दही काढला नाही, आणि माझी त्यांच्यासमोर बसून जेवायची सवय मोडली. मी गोष्ट पुन्हा लिहिली नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायचो, वेळ कुठं आहे.

मग एका बाजारच्या दिवशी मावशीची मुलगी दुकानात आली. आता बाई झाली होती, कडेवर मूल होतं. आईसारखीच थेट काउंटरशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, ते कुकाऱ्याची क्यासेट पायजे होती."

मी खाली बघूनच म्हणालो, "ती कधीच संपली."

"एखादी असन ना कुठी."

"नाही. सगळ्या पुसल्या."

"काऊन?"

"टेप खराब होती."

तिने ऐकून घेतलं. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "पाहा ना, भाऊ. कोणापाशी असन तं. मी पुढच्या बाजाराले येतो."

ती आली. मी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली आणि काही न विचारता नुसती उभी राहिली. तिला काय माहीत आहे, काय नाही, हे मला कळेना. पण ती का मागते आहे याबद्दल स्वतःला फसवणं आता जमण्यासारखं नव्हतं. त्या आवाजाची दुसरी जागा जगात नव्हती, आणि ती मी पुसली होती. मी शोधायला निघालो.

शोधता शोधता जुनी मतं पुन्हा ऐकावी लागली. हॉटेलवाला आता जाडा झाला होता. "ते का? लय बोर होती गा. पण तो कुकारा!" त्याच्या मुलाने ती कॅसेट उघडून टेपची माळ पपईच्या झाडाला बांधली होती, पाखरं हाकलायला. निवृत्त गुरुजी म्हणाले, आता वाटतं की राक्षस शुद्ध बोलायचा तेच बरोबर होतं, जास्त परका वाटायचा. पण त्यांनी त्या वेळी परत केली होती ती केलीच. मूल गावच्या एका बाईने, मी न विचारता, सांगितलं की तिचा नवरा ती ऐकून इतका घाबरायचा की परसाकडे जाताना तिला सोबत न्यायचा, आणि तिच्या अख्ख्या संसारात तेवढीच एक मजा होती. तिच्याकडेही कॅसेट नव्हती.

सापडली ती जीपवाल्याकडे. त्याने त्या वेळी मला दुसरीच कॅसेट देऊन फसवलं होतं. जीप विकली तेव्हा डॅशबोर्डमधलं सगळं सामान एका पिशवीत घरी आणलं होतं, त्यात गोष्टीच्या दोन्ही कॅसेटी होत्या.

"असं आता कोणी बनवत नाई," तो म्हणाला. द्यायला त्याचं मन होत नव्हतं. "दुसऱ्या बाजूले शेवटी जरा घसरते बरं. पोट्टे तेच तेच लावायचे ना. मागं घे, पुन्हा लाव. मागं घे, पुन्हा लाव."

मी ती घरी लावून पाहिली नाही. डेकचं हेड साफ केलं, रबराचा पट्टा बदलला आणि बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली.

ती आली तेव्हा दुपार झाली होती. मूल तिने कोणाजवळ तरी ठेवलं होतं. मी तिला मागच्या खोलीत बसवलं. गोदड्या केव्हाच उतरवल्या होत्या, खिळे तेवढे भिंतीत होते. कॅसेट डेकमध्ये घातली, पण बटण दाबलं नाही. म्हटलं, आधी बोललं पाहिजे. बटण दाबल्यावर होणार नाही.

"कुकाऱ्याचा आवाज माझा नव्हता," मी म्हणालो. "तुझ्या आईचा होता. इथंच बसून दिला तिने. मी कोणाला सांगितलं नाही. माझं नाव टाकलं. ती गेली तेव्हाही सांगितलं नाही. बायांनी कुकाऱ्या समजून ओ दिली नाही, ते माझ्यामुळं झालं."

ती माझ्याकडे बघत होती.

"मले ठाऊक हाय, भाऊ."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. मायचा आवाज मले ओळखू नाई येईन का? तो कुकारा तं मलेच बोलवाचा हाये." मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मायनं सांगतलं बी होतं. बाबूनं कोणाले सांगू नको म्हणलं, म्हणून तिनं फक्त मले सांगतलं. लय मजा वाटे तिले. जंगलात पोरी वेचून राह्यल्या का झाडामागून क्यासेटवाला कुकारा दे. पोरी टोपले टाकून पळे. आन् माय हासे. मी बी हासो. आमचं दोघींचंच होतं ते."

बाहेर बाजाराचा गलका होता. मिरच्यांच्या ढिगाशी कोणीतरी शिंकत होतं.

"त्या दिवशी बी आला कुकारा," ती म्हणाली. "बाया भेल्या. मी नाई भेली. मी म्हणलं, काई नाई, माय हाये, मस्करी करून राह्यली. ओ देऊ नका म्हणलं, ओ देल्ली का आणखी करन. मीनं सांगतलं बायांले. हासून सांगतलं."

तिने बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं.

"मंग माय गेल्यावर बाया म्हणे, आमाले कुकाऱ्या वाटला. सगळ्याच म्हणे. मी सांगतलं होतं ते कोणी नाई काढलं. मी बी मंग तसंच म्हणलं. कुकाऱ्या वाटला म्हणून."

इतकी वर्षं मी समजत होतो की ओझं माझ्या एकट्याचं आहे. त्याला मी जपलं होतं, कोणाला शिवू दिलं नव्हतं. मी मयतीला गेलो असतो, टोल्यात उभं राहून एवढंच बोललो असतो की तो आवाज तिचा होता, माझ्यामुळे तो राक्षसाचा झाला, तर त्या सोळा-सतराच्या पोरीला माझ्यावर रागावता तरी आलं असतं. तिच्याजवळ रागवायलाही कोणी नव्हतं. हे तिला मी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. इथं लिहितो आहे.

"लावा," ती म्हणाली.

दुसऱ्या बाजूचा शेवट मी बटणाने पुढे नेऊन काढला. माझा तेव्हाचा आवाज आला, तरुण, ऐटबाज, खरंच बातम्या वाचल्यासारखा. वारा थांबला होता, पाखरू बोलत नव्हतं, असं काहीतरी. मग खरखर. मग एक किंचाळी, ती टेपची होती. त्यातून कुकाऱ्याचा मधला तुकडा वर आला, पाण्यात बुडताना एखाद्याचं डोकं दिसावं तितकाच, आणि गेला. शेवटचं वळण नव्हतंच. मग पुन्हा माझा आवाज, स्वच्छ, एक अक्षरही न झिजलेला.

"पुन्हा लावा."

"जास्त लावलं तर तुटेल."

"तुटू द्या."

मी मागे घेतलं. या वेळी खरखर जास्त होती आणि तो तुकडा आधीपेक्षा लहान. तिने तिसऱ्यांदा सांगितलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी डेक बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाकीची गोष्ट कशी हाये? मी पुरी कधी ऐकलीच नाई. कुकाऱ्यापर्यंतच लावो आमी."

मग ती दुसरी कॅसेट ऐकत बसली. मीही बसलो, जाता येईना. तिसरी बाजू खरंच कंटाळवाणी आहे. एक वनरक्षक पायवाटेने चालतो आणि विचार करतो, फार विचार करतो. चौथ्या बाजूला त्याला आपल्या भावाच्या आवाजात कुकारा ऐकू येतो, पण ही हाक राक्षसाची आहे हे त्याने ओळखलेलं असतं. तो दातावर दात दाबून गप्प राहतो. हाका येत राहतात, बारीक होत जातात. ओ न मिळाल्यामुळे कुकाऱ्या सकाळपर्यंत वाळून पडतो आणि वनरक्षक घरी जातो. हे शेवटचे कुकारे मी स्वतःच्या तोंडाने काढून, आवाज बारीक करून भरले होते, आणि ते कोणालाच आवडले नव्हते. लिहिताना मला तो शेवट फार हुशारीचा वाटला होता.

कॅसेट टक् करून थांबली. बाजार उठायला लागला होता, पोती आपटल्याचे आवाज येत होते.

"कशी वाटली?" मी विचारलं. का विचारलं कोणास ठाऊक. सवयीने असेल.

तिने थोडा विचार केला. खरंच विचार केला, बाकी सगळ्यांनी केला तसा.

"लांबली हाये," ती म्हणाली. "आन् शेवट नाई पटला. ज्यानं ओ नाई देल्ली तो सुखात घरी गेला म्हणता. असं कुठी असते, भाऊ?"

मी दोन्ही कॅसेटी काढून तिच्या हातात दिल्या. तिने त्यांवरचा कागद उलटसुलट करून पाहिला, माझं नाव होतं तिथं अंगठा ठेवून, मग पदरात बांधल्या. पायरी उतरताना तिने खाली पाहिलं, आई बसायची त्या बाजूला, आणि गावाकडच्या जीपच्या दिशेने गेली.